धारचुल्याचा झुलता पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदि कैलास आणि ओम पर्वताच्या यात्रेत धारचुल्याला मुक्काम पडतोच. संध्याकाळी चहा पिता पिता कुणीतरी बातमी आणतं, "अहो, त्या पुलापलीकडे नेपाळ आहे, चालत जाऊन येता येतं!" आणि लगेच प्रश्न सुरू होतात. मी दोनदा जाऊन आले आहे. तेव्हापासून आमच्या सोसायटीतले, नात्यातले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक मला तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. प्रवासाचे प्रश्न वेगळे आणि इतिहासाचे वेगळे करावेत असं आधी ठरवलं होतं. जमलं नाही. त्या पुलावर ते एकमेकांत गुंतलेलेच आहेत.

हा पूल नेमका कुठे आहे?

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, धारचुला गावात. खालून वाहते ती काली नदी. नदीच्या पश्चिम काठाला आपलं धारचुला आणि पूर्व काठाला नेपाळचं दार्चुला. नाव एकच, उच्चारात जरासा फरक. तिकडचं गाव हे दार्चुला जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे आणि त्याच्या बाजाराला खलंगा म्हणतात. पिथौरागढहून साधारण नव्वद किलोमीटरचा घाटरस्ता आहे. रेल्वे टनकपूर किंवा काठगोदामला सोडायची, पुढे सगळी वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट आधीच अडवून ठेवावी.

गावाच्या नावाची गोष्ट मराठी माणसाला लगेच कळते. 'धार' म्हणजे डोंगराची कड आणि 'चूला' म्हणजे आपली चूल. व्यास ऋषींनी इथल्या तीन डोंगरांची चूल मांडून स्वयंपाक केला, असं स्थानिक लोक सांगतात. पुढच्या खोऱ्याला व्यासांवरूनच ब्यांस म्हणतात.

पासपोर्ट आणि व्हिसा लागतो का?

भारतीय नागरिकाला नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे व्हिसाशिवाय ये-जा करता येते. ओळखपत्र मात्र हवंच. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ते बघतात, कुठून आलात, कुठे उतरलात हे विचारतात, पिशवी उघडायला लावतात. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. "आधार आहे ना, झालं" असं आपण धरून चालतो, पण नेपाळला जाण्यासाठी आधार हे १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या मंडळींनाच चालतं, असा नियम आहे. पुलावरचा जवान एखाद्या वेळी सोडेलही. त्याच्या मर्जीवर सगळ्या ग्रुपची संध्याकाळ टांगून ठेवू नका.

आदि कैलासच्या बाजूला जायला जो इनर लाइन परवाना धारचुल्यात काढावा लागतो, त्याचा या पुलाशी संबंध नाही. तो वरच्या भागातल्या प्रवासासाठी आहे.

मुलगा अमेरिकन नागरिक आहे, तो सुट्टीत येणार आहे. त्याला नेता येईल?

पुलावरून नाही. ही वाट भारत आणि नेपाळच्या नागरिकांपुरती आहे. तिसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेल्याला नेपाळात शिरायचं तर इमिग्रेशनची चौकी असलेल्या नाक्यावरूनच जावं लागतं, आणि या बाजूला तशी चौकी थेट खाली, बनबसा-गड्डाचौकीला आहे. आडनाव कुलकर्णी असलं आणि मराठी अस्खलित बोलत असला तरी शिक्का पासपोर्टवर बसतो. आमच्या ग्रुपमध्ये न्यू जर्सीहून आलेल्या एका जावयांना अलीकडच्या काठावर बसून राहावं लागलं होतं. त्यांनी दोन कप चहा घेतला आणि आम्ही परत येईपर्यंत जवानाशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. आमच्यापेक्षा त्यांचीच संध्याकाळ बरी गेली असावी.

कैलास मानसरोवरला याच पुलावरून जातात का?

नाही, पण हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. लिपुलेखमार्गे जाणारी यात्रा धारचुल्यातून पुढे जाते खरी, पण रस्ता शेवटपर्यंत आपल्याच काठाने आहे: तवाघाट, मालपा, बुधी, गुंजी, कालापानी, नाभीढांग आणि मग लिपुलेख खिंड. खिंडीपलीकडे तिबेट. १९८१ पासून ही यात्रा सुरू होती, २०१९ नंतर थांबली आणि जून २०२५ मध्ये पुन्हा चालू झाली. प्रवासभर उजव्या हाताला, नदीपलीकडे, नेपाळ दिसत राहतो. एवढा जवळ की तिकडच्या अंगणातली कोंबडी दिसते.

मालप्याचं नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यात कैलासयात्रींची एक तुकडी होती आणि नृत्यांगना प्रोतिमा बेदी होत्या.

पूल किती वाजता उघडतो आणि बंद होतो?

सकाळी उघडतो, संध्याकाळी बंद. रात्री पूल ओलांडता येत नाही. ऋतूप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून पोचल्या पोचल्या हॉटेलवाल्याला विचारून घ्या आणि पलीकडे जाताना जवानाकडून पक्की करून घ्या. दोन्हींपैकी कोणत्याही देशात निवडणूक असली की मतदानाआधी साधारण ७२ तास पूल बंद ठेवतात. यात्रेच्या तारखा ठरवताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

दुसरी गोम घड्याळाची. नेपाळची वेळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. दोन-तीन मिनिटांचा पूल, पण पलीकडे पाऊल टाकलं की पाव तास उडालेला असतो. परतताना तो परत मिळतो. आमच्यातल्या एका काकांनी यावर "मी पंधरा मिनिटांनी तरुण झालो" हा विनोद तीन दिवस चालवला.

पूल हलतो म्हणे. आईला गुडघ्याचा त्रास आहे, नेऊ का?

हलतो. हलायलाच बांधलेला आहे. झुलत्या पुलात दोन्ही काठांवर मनोरे असतात, त्यांवरून जाड पोलादी दोर टाकलेले असतात आणि त्या दोरांची टोकं मागे जमिनीत, काँक्रीटच्या भल्यामोठ्या ठोकळ्यांत पुरलेली असतात. आपण चालतो तो मार्ग उभ्या सळ्यांनी या दोरांना लटकावलेला असतो. आपलं वजन सळीतून दोरावर, दोरातून मनोऱ्यावर आणि तिथून ठोकळ्यावर जातं. गच्चीतली वाळत घालायची दोरी आठवा. ती अगदी ताठ बांधली तर ओली चादर टाकताच खिळा उपटून येतो, थोडा झोल ठेवला तर ती निमूट भार घेते. पुलाच्या दोरांना झोल असतो तो याच हिशेबाने.

मग नदीत खांब घालून साधा पूल का नाही बांधला? पावसाळ्यात काली नदी एकदा बघितली की हा प्रश्न पडत नाही. पाण्याबरोबर घराएवढाल्या शिळा गडगडत येतात आणि त्यांचा आवाज रात्री लॉजच्या खोलीत ऐकू येतो. सुरुवातीला वाटतं लांब कुठे ढग गडगडतायत. अशा पात्रात खांब उभा करणं म्हणजे रोज त्याच्यावर घण घालून घेणं. त्यापेक्षा एका काठावरून दुसऱ्या काठावर दोर टाकून मोकळं व्हावं. हिमालयात हेच शहाणपण चालत आलंय.

आईचं म्हणाल तर गुडघ्यापेक्षा मन महत्त्वाचं. कठडा आहे, जाळी आहे, पायाखाली भक्कम आहे. खाली न बघता समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालायला सांगा. एकच गोष्ट पाळा. आठ-दहा जणांनी पावलं जुळवून, टाळ वाजवत, घोषणा देत जाऊ नका. सगळ्यांची पावलं एका लयीत पडली की पुलाचं हेलकावणं वाढतं. सैनिकांनाही पुलावर कदम तोडायला सांगतात ते त्यासाठीच. दिंडी काढायला पुढे गुंजीचं मैदान आहे.

नदीच सीमा कशी काय झाली?

इंग्रजांमुळे. त्याआधी १७९० पासून कुमाऊंवर नेपाळच्या गोरख्यांचंच राज्य होतं, म्हणजे नदीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली होते. इंग्रज-गोरखा युद्धात नेपाळ हरला आणि सुगौलीचा तह झाला. डिसेंबर १८१५ मध्ये सह्या झाल्या आणि मार्च १८१६ मध्ये तो पक्का झाला. त्या तहात नेपाळच्या राजाने काली नदीच्या पश्चिमेकडच्या मुलखावरचा हक्क सोडला. झालं, कागदावर एक ओळ आली आणि नदी दोन देशांची झाली. काठांवरची माणसं, त्यांची कुरणं, त्यांची लग्नं होती तिथेच राहिली.

आपल्याकडे पेशवाईची शेवटची वर्षं चालली होती तेव्हाची ही गोष्ट.

मग कालापानीचा वाद काय आहे?

तहात 'काली नदी' म्हटलं, पण काली कुठून सुरू होते हे नीट सांगितलं नाही. वर गुंजीजवळ दोन प्रवाह एकत्र येतात. एक कालापानीकडून येतो, दुसरा कुटी गावाच्या बाजूने, लिंपियाधुराकडून. भारताच्या मते कालापानीचा प्रवाह हीच काली. तिथे देवीचं देऊळ आहे आणि तिथल्या झऱ्यालाच यात्रेकरू उगम मानतात. नेपाळ म्हणतो, कुटीकडून येणारा प्रवाह मुख्य, म्हणून तिथपर्यंतची जमीन आमची. ८ मे २०२० रोजी भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं, त्यावर नेपाळने त्याच महिन्यात नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो राज्यघटनेत घातला. वाद अजून तिथेच आहे.

पुलावर यातलं काही जाणवत नाही. धारचुल्याला नदी एकच आहे आणि तिच्याबद्दल कुणाचं दुमत नाही. तरीही पलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून नकाशावर वाद घालू नये एवढी अक्कल पाहुण्याला असावी. आमच्यातल्या एकांना ती नव्हती. टपरीवाला समजूतदार होता.

काली, महाकाली, शारदा: या तीन नद्या की एक?

एकच. आपल्याकडे डोंगरात काली, नेपाळमध्ये महाकाली, आणि टनकपूरच्या खाली मैदानात उतरली की शारदा. पुढे ती घाघरेला मिळते आणि घाघरा गंगेला.

त्या पुलावरून रोज जातं तरी कोण? आम्ही गेलो तेव्हा गर्दी होती.

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. आपण पर्यटक त्या पुलाकडे 'चालत परदेश' म्हणून बघतो, फोटो काढतो, निघतो. तिथल्या लोकांना तो आळीतून आळीत जायचा बोळ आहे.

सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला पुलाच्या तोंडाशी अर्धा तास उभं राहा. गणवेशातली मुलं तिकडून इकडे शाळेत येतात. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची शंक्वाकार टोपली, आणि तिचा पट्टा कपाळावर घेतलेल्या बायका येतात. टोपलीत इकडे येताना भाजी असते, परत जाताना तांदूळ, मीठ, साखर, साबण. एक म्हातारबाबा मी पाहिले, इकडच्या दवाखान्यातून एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून तिकडे निघाले होते. त्यांच्यामागून एक मुलगी नव्या कोऱ्या सुटकेसला लावलेलं प्लास्टिक न काढता ती ओढत नेत होती. जवानाने सुटकेस उघडायला लावली नाही, नुसतं "कब है?" विचारलं. ती लाजली. लग्न असणार. इथे तोंडी एक वाक्य कायम असतं, "हमारा तो रोटी-बेटी का रिश्ता है." धारचुल्यात क्वचितच एखादं घर सापडेल ज्याची मामी, मावशी किंवा सून नदीपलीकडची नाही.

या खोऱ्यांत रं नावाचा समाज राहतो, बाहेरचे त्यांना शौका म्हणतात. दारमा, ब्यांस आणि चौदांस ही त्यांची खोरी. उन्हाळ्यात वरच्या गावी आणि थंडीत खाली धारचुल्याला, असं त्यांचं वर्ष चालतं. पूर्वी ते लिपुलेखवरून तिबेटच्या तकलाकोट मंडीत जाऊन मीठ आणि लोकर आणत. १९६२ च्या युद्धात तो व्यापार बंद पडला तो १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाला. या समाजाची छांगरू आणि तिंकर ही दोन गावं मात्र नेपाळच्या बाजूला आहेत. आता गंमत ऐका. दार्चुल्याहून या गावांना जाणारी नेपाळच्या आतली वाट इतकी अवघड, की लोक वर्षानुवर्षं काय करतात? पूल ओलांडून भारतात येतात, भारताच्या रस्त्याने गर्ब्यांग गावापर्यंत वर जातात आणि तिथे सीतापुलावरून पुन्हा नेपाळात उतरतात. स्वतःच्याच देशातल्या स्वतःच्याच घरी जायला दुसऱ्या देशातून वाट! त्यात गुरंढोरं, पोरंबाळं आणि सहा महिन्यांचा शिधा बरोबर. त्यांच्यासाठी पूल उघडा असणं म्हणजे काय, हे आपल्याला सेल्फीत दिसत नाही.

पूल बंद राहिला तर काय होतं?

मार्च २०२० मध्ये ते झालंच. टाळेबंदी लागली आणि दोन्ही बाजूंनी पूल बंद. आपल्या बाजूला कामाला आलेले नेपाळी मजूर काठावर अडकून पडले, समोर गाव दिसतंय आणि जाता येत नाही. काही तरुणांनी तर बर्फाच्या पाण्याच्या त्या नदीत उड्या टाकल्या आणि पोहत पलीकडे गेले. पुढे महिनोन्महिने पूल अधूनमधून काही तासांपुरता उघडायचा. कशासाठी? पेन्शनसाठी. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले नेपाळी सैनिक आणि त्यांच्या विधवा पलीकडे राहतात, पेन्शन मात्र अलीकडच्या बँकेत जमा होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये एका लग्नासाठीही पूल थोडा वेळ उघडला होता. अधिकाऱ्यांनी दोन्हीकडून परवानगी दिली, नवरी सासरी आली आणि फाटक पुन्हा बंद.

पूर आला तर पूल टिकतो का?

१६-१७ जून २०१३ हे दिवस केदारनाथमुळे सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्याच पावसात काली नदीही फुगली. खलंगा बाजारातली काठावरची घरं एकामागून एक नदीत बसली. आपल्या बाजूला धौलीगंगेचं २८० मेगावॉटचं भुयारी वीजकेंद्र पाण्याने भरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ढगफुटी झाली तेव्हा धारचुल्याच्या खोतिला भागात घरं गाडली गेली.

त्यामुळे दोन्ही काठांवर आता दगडी-काँक्रीटचे तटबंध दिसतात. त्यातही भांडण आहेच. एका काठाला भिंत घातली की पाणी दुसऱ्या काठाला धडक देतं, ही तक्रार पलीकडून येते आणि ती निराधार नाही. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या बाजूला तटबंध बांधणाऱ्या मजुरांवर पलीकडून दगडफेक झाली, तेव्हा इकडच्या व्यापाऱ्यांनी चिडून पूलच रोखून धरला होता. झुलत्या पुलाला खुद्द पाण्याचा धोका तुलनेने कमी, कारण तो उंचावर असतो. भीती असते ती काठाची. ज्या जमिनीत दोर पुरलेत तीच खचली तर पूल कशाच्या आधारावर राहणार?

गाडी पलीकडे नेता येते का?

या पुलावरून नाही. हा पायी जाणाऱ्यांचा आहे. धारचुल्याजवळ छारछुम इथे गाड्यांसाठी ११० मीटर लांबीच्या पुलाचं काम २०२२ मध्ये हाती घेतलं गेलं. त्याआधी बनबशाच्या वर या नदीवर गाडी जाईल असा एकही आंतरराष्ट्रीय पूल नव्हता, म्हणजे धारचुल्याच्या माणसाला समोरच्या काठावर जीप न्यायची तर अडीचशेच्या वर किलोमीटर खाली मैदानात उतरून पुन्हा तेवढंच वर चढायचं. तुमची भाड्याची गाडी मात्र पलीकडे न्यायचा विचार सोडा. नेपाळात भारतीय गाडीला भन्सार, म्हणजे तिकडच्या जकातीची, पावती लागते आणि ड्रायव्हर त्या भानगडीत पडत नाहीत.

दुसरे पूल कुठले?

धारचुल्याच्या खाली बलुवाकोट, जौलजीबी आणि झूलाघाट इथे असेच झुलते पूल आहेत. जौलजीबीला गोरी नदी कालीला मिळते आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे मोठी जत्रा भरते. पूर्वी तिबेट, नेपाळ आणि कुमाऊं असा तिन्हीकडचा माल तिथे यायचा. झूलाघाटच्या तर नावातच झूला आहे. त्याच्या खाली पंचेश्वरला शरयू मिळते. फेब्रुवारी १९९६ च्या महाकाली करारात तिथे भलंमोठं धरण ठरलं. ते अजून झालेलं नाही, पण झालं तर आपला बाजार पाण्याखाली जाईल ही धास्ती झूलाघाटवाल्यांच्या बोलण्यात अजूनही येते.

सगळ्यात मोठी वर्दळ बनबशाला. तिथे पूल म्हणजे शारदा नदीवरचा बंधाराच, १९२८ मध्ये पूर्ण झालेला. या बंधाऱ्यासाठी १९२० मध्ये नेपाळने पलीकडच्या काठावरची सुमारे ४,००० एकर जमीन इंग्रजांना दिली आणि बदल्यात दुसरीकडे तेवढीच घेतली. म्हणून बनबशाला नदी ओलांडली तरी माणूस भारतातच असतो आणि सीमा पुढे काही अंतरावर लागते. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं.

बनबशाला उभं राहिल्यावर मला पुणे आठवलं. पश्चिम नेपाळच्या बैतडी, डोटी, अछाम, बझांग या जिल्ह्यांतून माणसं कामासाठी बाहेर पडतात ती प्रामुख्याने याच वाटेने: बंधारा, मग दिल्लीची बस, मग रेल्वे आणि मग मुंबई, पुणे किंवा बंगळूर. आमच्या सोसायटीचा वॉचमन अकरा वर्षं आमच्या गेटवर होता. आम्ही त्याला 'बहादूर' म्हणायचो. त्याचं नाव ते नव्हतं. परत आल्यावर मी त्याला फोनमधला झुलत्या पुलाचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, पलीकडच्या काठावर नेला आणि म्हणाला, "मॅडम, यहाँ से ऊपर दो दिन. मेरी बहन का घर." अकरा वर्षांत त्याचं गाव कुठलं हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

पैसे बदलून घ्यावे लागतात का? खरेदी काय करावी?

बदलायची गरज नाही. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे आणि दुकानदार दोन्ही चलनं घेतात. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून तिकडे कटकट होऊ शकते. दुकानात भाव सांगितला की "आयसी का एनसी?" विचारा. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारल्यामुळे आमच्यातली एक बहीण दुसऱ्या बहिणीपेक्षा त्याच शालीला दीडपटीहून जास्त पैसे देऊन आली. दुकान तेच.

जाकिटं, ब्लँकेटं, बूट, थर्मास यांची दुकानं भरलेली असतात. घासाघीस चालते. मोमो खा, मिळाली तर सेल रोटी खा. ती तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी असते, चवीला आपल्या अनारशाची लांबची चुलतबहीण. दारूची बाटली आणि सिगारेटची पाकिटं आणू नका. परतताना पिशवी पुन्हा तपासतात.

स्थानिकांचा जाच उलट दिशेने आहे. १०० नेपाळी रुपयांवरच्या, म्हणजे आपल्या साडेबासष्ट रुपयांवरच्या, कुठल्याही मालावर जकात घ्यायचा नियम नेपाळने २०२३ मध्ये कडक केला. पाच किलो तांदूळ आणि तेलाची पिशवी घेतली की संपलं! धारचुल्यातले किराणा दुकानदार त्याच्या नावाने अजून बोटं मोडतात.

फोन चालतो का?

आपला फोन नदीकाठच्या लॉजमध्येच नेपाळचा टॉवर पकडतो. त्यातून दोन संकटं. एक, रोमिंगचं बिल, म्हणून ते बंद करून ठेवा. दोन, घड्याळ आपोआप पाव तास पुढे जातं. आमचा पहाटे चारचा गजर पावणेचारला वाजला आणि आठ माणसं थंडीत, अंधारात गाडीची वाट बघत उभी राहिली. ड्रायव्हर वेळेवरच आला. शिव्या मात्र त्याने खाल्ल्या.

पुलावर फोटो काढता येतात का?

नदीचे, डोंगरांचे काढा. जवान, चौकी आणि तपासणी चालू असतानाचे काढू नका. सांगितलं तर फोन खाली करा. आणि पुलाच्या मधोमध ग्रुप फोटोसाठी अडून राहू नका. मागे कुणाच्या तरी कपाळावर पट्टा असतो आणि पाठीवर वीस किलो.

पूल बंद व्हायच्या आत परत आलो नाही तर?

तर पलीकडे राहायचं. दार्चुल्यात लॉज आहेत, जेवण मिळतं, कुणी उपाशी ठेवत नाही. पण सकाळी परवान्याची रांग किंवा गुंजीची गाडी चुकते आणि तुमच्यामुळे बाकीच्यांचा दिवस जातो. शिवाय तुमची नोंद आपल्या बाजूच्या वहीत असते, त्यामुळे जवान तुमच्या हॉटेलवर विचारणा करू शकतात.

खरं तर एवढी वेळ सहसा येत नाही. बंद व्हायच्या सुमाराला शिट्ट्या होतात आणि पुलावर एकदम लगबग उडते. आम्ही परतताना शेवटच्या दहा मिनिटांत होतो. दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी घरी निघालेली. अरुंद पूल, समोरून येणारा प्रत्येक जण अंग चोरून वाट देत होता. अलीकडचं फाटक लागत असताना एक बाई पलीकडून धावत आली, हातात स्टीलचा डबा. ती आत आली नाही. जाळीवरून तिने डबा जवानाच्या हातात दिला, जवानाने तो मागे उभ्या असलेल्या एका पोराला दिला आणि पोराने झाकण उघडून तिथेच बघितलं काय आहे ते.